हिरव्या दोऱ्याची बाटली

बालाघाट,
रविवार, २२ मार्च २०२६
सकाळचे साडेसात

चि. ऋता,

तुला आणि अपूर्वरावांना तुझ्या बाबाचा आशीर्वाद. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुमची बोट ‘ओवी’ सेशेल्समधल्या माहेच्या बंदरात बांधलेली असेल. इतके दिवस समुद्रावर काढले की जमिनीवर पाय ठेवताच गरगरतं, असं तूच सांगितलं होतंस. तेव्हा आधी बस, दोन घास खा आणि मग सावकाश वाच. घाई नाही.

अपूर्वरावांचा भाऊ रजत काल नागपूरहून आला. आज साडेचारच्या बसने गोंदियाला जाईल, तिथून घरी, आणि परवा मुंबईहून त्याचं विमान आहे. आत्ता मागच्या अंगणात दात घासतोय, नळ धो धो सोडून. मी दोनदा खाकरलो, त्याच्या काही ध्यानात आलं नाही. हा माणूस पंधरा दिवस तुमच्या बोटीवर राहणार आहे. पहिल्याच सकाळी त्याच्या हातात मोजून बाटली दे, नाहीतर तुमची अर्धी टाकी तो दाढीत संपवेल.

त्याच्याबरोबर सामान पाठवतोय. समुद्राचं पाणी गोडं करायच्या तुमच्या यंत्राचे सील आणि वायसर, जे कोचीला मिळाले नव्हते. माझ्या हाताखाली मेकॅनिक होता तो गजेंद्र तुला आठवत असेल, त्याने दोन दिवस नागपूर पालथं घालून मिळवले. पायपंपाचे रबरी पडदे दोन आहेत. फिल्टरच्या कोळशाच्या कांड्या चार. दहा मीटर पाइप आहे, पिण्याच्या पाण्याचा. त्यात एक रात्र पाणी भरून ठेवलं आणि सकाळी स्वतः चाखून पाहिलं, वास येत नाही. क्लोरीनच्या गोळ्या आहेत. आणि माझा क्लोरोस्कोप. पाणीपुरवठा खात्यातून, पीएचईतून रिटायर झालो तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर घरी आणलेला. नळाच्या पाण्यात थेंब टाकलास की पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवून क्लोरीन किती ते बघायचं. आता माझ्या घरी तो कोणासाठी ठेवू.

आता टाकीचं. बंदरात पोचल्यावर दोन्ही टाक्या एकदम भरू नकोस, मागे कारवारला केलंस तसं. आधी एक नंबरची पूर्ण रिकामी कर, आतून हाताने घासून काढ, क्लोरीनचं पाणी भरून रात्रभर राहू दे, सकाळी सोडून दे. मग भर, आणि दोन दिवस फक्त तिचंच पाणी प्या. पोटं ठीक राहिली तर दुसरीला हात लाव. परक्या गावच्या नळावर पहिल्याच दिवशी सगळा भरवसा टाकू नये. पाइप लावायच्या आधी बादलीभर पाणी वाहून जाऊ दे, आणि ते वाहताना तुला वाईट वाटणार हे मला माहीत आहे. वाटू दे.

इथे ऊन आत्ताच मे महिन्यासारखं लागतंय. वैनगंगा पुलाखाली चार ठिकाणी तुटली आहे. आंब्याला यंदा मोहोर बरा होता, पण वाऱ्याने अर्धा झडला. तुझी कमला मावशी दहा-बारा दिवसांपासून इथेच आहे. तिची सून मयुरीही येऊन गेली. गुरुवारी पाडवा झाला, पण गुढी उभारली नाही. काठी सापडली नाही.

तुझा अकरा तारखेचा उपग्रहावरून आलेला निरोप तसाच जपून ठेवलाय. ‘टाकी १ संपली. टाकी २ भरलेली. कॅन ३. पाऊस एकदा, ताडपत्रीवर २० लिटर धरलं.’ मी लगेच कागद घेऊन हिशेब केला. दोन टाक्या मिळून दोनशे, कॅनमध्ये साठ, माणशी रोज चार लिटर. तुमचं पाणी निघाल्यापासून महिनाभर पुरतं. पहिल्या पावसाचं पाणी ताडपत्रीवरचं मीठ धुवायला सोडून दिलंस ना? नसेल तर ते वीस लिटर वेगळं ठेव आणि भांड्यांना वापर.

तुला आठवतं, तू बँकेची नोकरी सोडून या बोटीमागे लागलीस तेव्हा मी सहा महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. आई बोलायची आणि मी शेजारी बसून पेपर वाचत असल्याचं सोंग करायचो. मग एक दिवस तू तिला म्हणालीस, “आई, टाकीच्या पान्याले वास येऊन राह्यला. बाबाले विचार ना.” मी पेपर ठेवला आणि तिच्या हातातून फोनच घेतला. तुझा राग, माझा राग, सगळं बाजूला पडलं. टाकी कशाची आहे, झाकण कसं बसतं, शेवटचं कुठे भरलं होतंस, हेच चाललं पाऊण तास. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, “झालं बोलनं सुरू? एवढ्यासाठी तं बिचारीची टाकी सडली.”

त्यानंतर तुझं-माझं बोलणं पाण्यावरच होत आलं. आजही तसंच लिहीत बसलोय. तीन पानं झाली.

रजत विचारतोय, काका, चहा ठेवू का. ठेव म्हटलं. चहा पिऊन पुढचं लिहितो.


दुपारचे बारा

चहा होऊन तीन तास झाले. मधल्या वेळात मी पाइप पुन्हा गुंडाळला, गोळ्यांचं पाकीट प्लास्टिकमध्ये घातलं, क्लोरोस्कोप तुझ्या जुन्या स्वेटरात बांधला. कमला म्हणाली, “भाऊजी, सामान चांगलं बांधलं आहे. तुम्ही आता ते लिहा.” तिला दिसतंय मी काय टाळतोय.

ऋता, आई गेली.

सोमवारी, नऊ तारखेला, पहाटे. तेव्हा तुम्हाला कोचीहून निघून नऊ दिवस झाले होते. काल तेरावं झालं. रजत त्यासाठीच आला होता, सामान हे निमित्त. त्याला मी सांगून ठेवलंय की तोंडातून एक शब्द काढू नको, हातात आधी पत्र दे. बिचाऱ्याची केवढी पंचाईत केली मी. तो तुझ्यासमोर उभा असेल आणि त्याला कुठे बघावं ते कळत नसेल. त्याच्यावर रागावू नको.

सगळं पहिल्यापासून सांगतो. मध्येच फेकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच, कारण मला जे सांगायचंय ते अजून पुढेच आहे.

आपण ऑक्टोबरात कारवारला बोटीवर आलो होतो, तेव्हा ती धडधाकट होती. आठवतं ना, पायपंप दाबून बघताना म्हणाली होती, “हे तं शिलाई मशीन आहे.” दिवाळीनंतर तिचे पाय सुजायला लागले. नोव्हेंबरात कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत. बीपी किती वर्षं आत पोखरत होतं कोण जाणे, तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही आणि मीही कधी तिचा हात धरून दवाखान्यात नेलं नाही. मग दर मंगळवार-शुक्रवार गोंदियाला डायलिसिस. तुला सांगायचो, कमला मावशीकडे चाललोय, तिचे गुडघे दुखतात. मावशीचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला एकच लिटर. पाणी, चहा, डाळ, ताक, सगळं धरून एक लिटर. कारण शरीरात गेलेलं पाणी आता बाहेर जायला वाट नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. राजेगावचा पूल आला तेव्हा म्हणाली, “ऋता कशी भागवते हो? तिले विचारते.”

तो खेळ असा सुरू झाला, बाई. तुला वाटलं आईला तुझी आठवण येते म्हणून ती घरी बसून तुझ्यासारखं मोजून पाणी पिते. तुला गंमत वाटली. तू तिला सगळं शिकवलंस. सकाळी सहाला प्रत्येकाची बाटली भरायची, अपूर्वरावांच्या बाटलीला लाल दोरा, तुझ्या बाटलीला निळा, म्हणजे भांडण नको. दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायचा नाही. दिवसात दुसरी बाटली मिळत नाही. ग्लासाने प्यायचं नाही, वाटीने घोट घोट घ्यायचं. घसा कोरडा पडला तर लिंबाची फोड चघळायची, ओठांवर ओली चिंधी ठेवायची. संध्याकाळी जे उरेल ते तुमचं स्वतःचं, त्याने तोंड धुवा नाहीतर उडवा.

तिने दुसऱ्याच दिवशी आपल्या बाटलीला हिरवा दोरा बांधला. मी माझ्या सवयीने तक्ता आखून भिंतीवर लावला होता, वेळ आणि मिलिलिटर असे रकाने पाडून. तो तिने काढून टाकला. म्हणाली, “मले तुमचा चार्ट नको. बीमार आहो म्हणून पानी कमी प्यायचं म्हटलं तं घशाले आनखी कोरड पडते. बोटीवर आहो असं समजलं तं दिवस निघून जाते.”

आणि खरंच निघत होते. संध्याकाळी बाटलीत दोन बोटं उरली की ती बाटली माझ्यासमोर नाचवायची आणि तुळशीत ओतायची. मग तुला फोन. “तू चार लिटरवाली, मी एक लिटरवाली. कोन जितलं?” तू ओरडायचीस, “आई, पागल झाली का? उन्हाळा लागून राह्यला, पानी पी ना भरपूर!” ती हसायची. फोन ठेवल्यावर थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

हे वाचून तुझ्या मनात काय येईल ते मला कळतंय. ते काढून टाक. तू भरपूर पी म्हणालीस म्हणून ती एक घोटही जास्त प्यायली नाही. उलट तुझ्या त्या बाटलीने तिने चार महिने काढले. डॉक्टरांच्या धाकाने चार दिवस काढले नसते.

सत्तावीस फेब्रुवारीला, तुम्ही कोचीहून निघायच्या आदल्या दिवशी, तू फोन केलास तो शुक्रवार होता. ती गोंदियाला मशीनवर होती. कमलाने फोन तिच्या कानाशी धरला होता. मागे टूं टूं आवाज येत होता. तू विचारलंस, हा आवाज कशाचा? आई म्हणाली, “कमलाची नवीन मशीन आहे, धुवायची.” नंतर मला म्हणाली, मी काही खोटं नाही बोलले.

तुला का सांगितलं नाही? मी तीनदा फोन हातात घेतला होता. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडून वचन घेतलं. “तिले सांगितलं तं ते नाव फिरवून वापस येईन. दोन साल त्या बोटीले घासलं तिनं, रंग मारला. मागच्या टायमाले तुमच्या हार्टच्या आपरेशनसाठी थांबली, आता माह्यासाठी थांबन. मंग जाईन कधी? पोचू द्या. जमिनीले पाय लागले का सांगा.” तिला वाटत होतं की तू पोचेपर्यंत ती असेल. मलाही तेच वाटत होतं.

तुझ्या अकरा तारखेच्या निरोपाचा मी वर सगळा मजकूर लिहिला असं दाखवलं. तो पूर्ण नव्हता. शेवटी दोन शब्द आणखी होते. ‘आई कशी?’ मी उत्तर पाठवलं, ‘बरी आहे. वारा सांभाळा.’ तिला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. घरात दिवा जळत होता आणि मी त्याच्याशेजारी बसून हे टाइप केलं. भर समुद्रात तुझ्या हातात ही बातमी दिली असती, तर काय केलं असतंस तू? वळून येणं शक्य नव्हतं आणि रडायला जागा नव्हती. हे मी मनाला समजावतो. बरोबर केलं की चूक, ते तू ठरव. त्यासाठी तू मला बोललीस तरी चालेल.

कमला जेवायला बोलावते आहे. रजत ताटावर थांबलाय.


दुपारचे सव्वातीन

बसला तासाभराचा अवकाश आहे. आता जे लिहायचं ते लिहून टाकतो. हे कमलालाही माहीत नाही.

सहा तारखेच्या शुक्रवारी डायलिसिस नीट झालं नाही. तिचं बीपी मध्येच उतरलं आणि त्यांना मशीन लवकर बंद करावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, अंगात पाणी राहिलंय, मंगळवारपर्यंत जरा हात आखडता घ्या. मी मान हलवली. असल्या कामात मी वस्ताद. छत्तीस वर्षं पाणी वाटलं आहे मी या जिल्ह्यात.

रविवारी, आठ तारखेला, ऊन फार होतं. कूलर चालू होता पण गरम वाराच फेकत होता. तिची बाटली बाराला संपली. दुपारी दोनच्या सुमारास मी खाटेशेजारी खुर्चीत बसलो होतो. तिला धाप लागत होती म्हणून पाठीशी दोन उशा दिल्या होत्या.

ती म्हणाली, “अहो, एक गिलास पानी द्या ना. पूरा गिलास. माठातलं.”

मी म्हटलं, “बाटली संपली आजची.”

“मालूम आहे मले. तरी द्या.”

ऋता, माठ तिथेच होता. खुर्चीपासून चार पावलांवर. ग्लास त्याच्यावर पालथा घातलेला होता. आणि मी काय म्हणालो? मी हिरव्या दोऱ्याची रिकामी बाटली उचलून तिला दाखवली आणि म्हणालो, “ऋताच्या बोटीवर दुसरी बाटली भेटते का कोनाले?”

ती बाटलीकडे बघत राहिली. मग हसली. “नाही भेटत,” म्हणाली. “बराबर आहे. कप्तान लई कडक आहे.” थोड्या वेळाने म्हणाली, “चिंधी तरी ओली करा.”

मी चिंधी ओली करून ओठांवर ठेवली, तू सांगितली होतीस तशी. ती चिंधी चोखायला लागली. मी ती काढून घेतली.

संध्याकाळी तिने पुन्हा मागितलं नाही. डोळे मिटून पडून होती. मी म्हटलं, बघ, संध्याकाळ झाली, आता सकाळी सहाला भरतो. तिने हौ म्हटलं. सोमवारी पहाटे सहाला मी उठलो, माठातलं पाणी मापून बाटली गळ्यापर्यंत भरली, दोरा नीट केला आणि हाक मारली, “अहिल्या, भरली बघ.” तिचा हात गार होता.

मग तुळशीचं पान आणलं आणि त्याच बाटलीतलं चमचाभर पाणी तिच्या तोंडात घातलं. ते ओठांच्या कडेने उशीवर गळलं.

चार दिवसांनी मी गोंदियाला कागद आणायला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते चांगले आहेत, तरुण आहेत. म्हणाले, काका, काकूंचं हृदयच थकलं होतं, एक ग्लास दिला असता तरी काही फरक पडला नसता. माझं समाधान व्हावं म्हणून ते बोलले. मी राजेगावपर्यंत बसमध्ये तेच घोळवत आलो. फरक पडला नसता, तर मग मी दिलं का नाही? तहानलेलीच पाठवलं मी तिला.

उन्हाळ्यात लांजीकडच्या गावांत टँकर घेऊन जायचो तेव्हा ड्रायव्हरला माझी ताकीद असायची, रांग मोडली तरी चालेल, कोणाचा पाण्याचा गुंड रिकामा परत गेला नाही पाहिजे. लोकांना मी दिलं. परकी माणसं माझं नाव काढतात अजून.

दहा दिवस पिंपळाला मडकं टांगलं होतं. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, गेलेल्याला तहान लागते म्हणून मडक्याला खाली बारीक भोक पाडतात, त्यात दर्भ घालतात आणि थेंब थेंब पाणी गळत राहतं. रोज सकाळी जाऊन भरायचं, म्हणजे दिवसभर पुरतं. पहिल्या दिवशी मी खाली उभा राहून थेंब मोजले. मिनिटाला चाळीस. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी खिळा घेऊन गेलो आणि भोक मोठं केलं. धार लागली. मडकं दहा वाजायच्या आत रिकामं झालं, मी घरून पुन्हा बादली भरून नेली. दुपारी पुन्हा. शालिकराम गुरुजींनी बघितलं आणि म्हणाले, “काका, हे असं नसते. हे दिनभर चालाले पाहिजे.” मी म्हटलं, चालंन, मी भरतो ना. पुढचे आठ दिवस मी दिवसाला चार-पाच बादल्या नेल्या. पिंपळाखाली चिखल झाला. लोक बाजूने जात होते.

अस्थी मीच वैनगंगेत सोडल्या. आपल्या घाटावर पाणी गुडघाभरच होतं, म्हणून पुढे डोहापर्यंत गेलो.

रजतच्या बॅगेत सगळ्यात खाली, तुझ्या शाळेच्या मफलरमध्ये गुंडाळलेली एक बाटली आहे. हिरव्या दोऱ्याची. त्या सोमवारी सहाला मी भरली तीच, चमचाभर कमी. कमलाला ती तुळशीत ओतायची होती, मी ओतू दिली नाही. पण मला ती घरात बघवतही नाही. ते पाणी पिऊ नकोस, पंधरा दिवसांचं शिळं आहे, हे मी इंजिनियर म्हणून सांगतो. बोटीच्या कडेला बसून समुद्रात सोड. कारवारला ती पायरीवर बसली होती आणि पाण्यात हात घालायला घाबरत होती, तू तिचं मनगट धरलं होतंस. तशीच बाटली धरून पाणी सोड.

तुझी फार आठवण येते असं ती रोज म्हणायची. तुला सांगू नका असंही म्हणायची, नाहीतर पोरगी थांबेल. आता सांगतो. ती रोज मोबाइलवर तुमच्या बोटीचा ठिपका बघायची. ठिपका पुढे सरकला की मला हाक मारून दाखवायची. रविवारी सकाळीही बघितला होता. “आज मस्त चालली,” म्हणाली होती.

घाईने परत येऊ नकोस. आलीस तर दार उघडं आहे, आणि नाही आलीस तरी मला राग येणार नाही. तिने पाणी तोलून मापून जे दिवस काढले ते तू पोचावीस म्हणून. बाकी मी ठीक आहे. स्वयंपाक जमतो. माठ मात्र मी भरत नाही, नळाचंच पितो.

एक मागणं आहे. तुमच्या त्या उपग्रहाच्या यंत्रावर एकशे साठ अक्षरं मावतात. मला तेवढी नकोत. तू बोटीवर पाणी वाटतेस, मोजून देणं आणि नाही म्हणणं काय असतं ते या घरात माझ्याखेरीज तुलाच ठाऊक आहे. त्या दुपारी खुर्चीत तू असतीस, तर तू तिला तो ग्लास दिला असतास का? हौ लिही किंवा नाही लिही. ‘बाबा, तुमची काही चूक नव्हती’ असं मात्र लिहू नकोस. ते डॉक्टरांचं सांगून झालं आहे.

रजतने बॅग उचलली. कमला त्याच्या हातात धपाट्यांचा डबा देते आहे, त्यातले चार तुमच्यासाठी आहेत, तो पोचेपर्यंत उरले तर.

समुद्रात सोडून झालं की बाटली गोळी टाकून स्वच्छ धू. दोरा काढू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लाल आणि निळ्या दोऱ्याची भरशील, तेव्हा हिरव्या दोऱ्याचीही भर. गळ्यापर्यंत भर, आणि ती मोजणीत धरू नकोस. दिवसात कोणीही मागितलं, कितीही वेळा मागितलं, तर त्यातून दे.

एका ग्लासाचा अपराधी,
तुझा बाबा